इराइदाने निवडलेली खोली

इराइदा फेलिबेर्तीच्या वाट्याला आयुष्यात एकच सुट्टी आली, आणि त्या सुट्टीत राहायचं कुठे यावरून तिच्या घरात कितीतरी आठवडे धुसफुस चालली होती.

याबुकोआ या बेटावरच्या गावातल्या शाळेत ती मुलांचं जेवण रांधायची, लग्नाच्या आधीपासून. नवरा एफ्राइन गावोगाव फिरून फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा. दोघांची ओळख झाली तीही शाळेच्या स्वयंपाकघरातला मोठा फ्रीझर बंद पडला म्हणून. फ्रीझर त्याच दिवशी सुरू झाला, पण हा माणूस पुढे रोज "जरा बघून जातो" म्हणत दारात हजर. शेवटी मुख्य स्वयंपाकिणीनेच त्याला सांगितलं, "बाबा रे, फ्रीझर ठणठणीत आहे. तुला जे बघायचंय ते हिलाच विचार." एफ्राइन लाजून कानापर्यंत लाल झाला आणि इराइदाने हातातला डाव तसाच धरून ठेवला. त्या गोष्टीवरून गावाने त्यांना पुढे अनेक वर्षं चिडवलं.

मूल बऱ्याच उशिरा झालं. एकच, अमारिस. एफ्राइनचा सगळा जीव त्या पोरीत. ती नऊ वर्षांची झाली तेव्हा त्याने जाहीर केलं की नाताळामागून येणारा तीन राजांचा सण झाला की आपण ऑर्लँडोला जायचं, थीम पार्क बघायला. बेटावर बहुतेक घरांतून कुणी ना कुणी तिथे जाऊन आलेलं असतं. भिंतीवर तो फोटो असतो, महालासमोर उभं राहून डोळे बारीक करून काढलेला. अमारिसच्या वर्गातल्या मुली शाळेत ती रंगीत टोपी घालून यायच्या, आणि अमारिस घरी येऊन काही बोलायची नाही, एवढ्यावरून एफ्राइनने काय ते ओळखलं होतं.

जायचं यावर वाद नव्हता. वाद होता राहायचं कुठे याचा.

एफ्राइनच्या मनात एकच हॉटेल बसलं होतं. पार्कच्या आतलं, तळ्याकाठचं. त्याच्या चुलतभावाने फोटो दाखवले होते. खोलीला गॅलरी, गॅलरीत दोन खुर्च्या, आणि अंधार पडला की खुर्चीतून न उठता समोर तळ्यावर आतषबाजी. त्या गॅलरीबद्दल तो गिऱ्हाइकांशीसुद्धा बोलायचा. फ्रिजच्या मागे डोकं घालून म्हणायचा, "पाण्यात पण दिसते म्हणे आतषबाजी. वर एक आणि खाली एक."

इराइदाने निवडलं होतं हायवेवरचं सनग्रोव्ह मोटेल. पार्कपासून लांब, पण खोलीत शेगडी आणि छोटा फ्रिज. सकाळी डबा करून निघायचं, संध्याकाळी येऊन पडायचं. झोपण्यापुरती तर हवी खोली.

"अगं, पण गॅलरीत बसायचं," एफ्राइन म्हणायचा. "कॉफी घेऊन."

"कॉफी तू इथे पायरीवर बसूनही पितोस."

"इथे समोर शेजारच्या चागोची कोंबडी दिसते."

मिल्द्रेद, म्हणजे एफ्राइनची बहीण, होल्योकला असायची, मॅसॅच्युसेट्समध्ये. तिने फोनवर तिसराच बेत काढला. पोहण्याच्या तलावासकट अख्खं घर भाड्याने घ्या, मीही मुलांना घेऊन येते. इराइदाने ते ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर नवऱ्याला म्हणाली की मला सुट्टी हवीय, सगळ्यांचा स्वयंपाक करायला मी शाळेत जातेच आहे. सासूबाईंचं म्हणणं होतं की समुद्र दारात असताना पाणी बघायला विमानात बसायचंच कशाला.

खरं कारण इराइदाने कुणालाच सांगितलं नाही. ती कधी हॉटेलात राहिली नव्हती. तिची आई समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात खोल्या साफ करायची, आणि लहानपणी इराइदाने तिला संध्याकाळी पाय गरम पाण्यात बुडवून बसलेलं पाहिलं होतं. आपण उठून गेल्यावर कुणी दुसरी बाई येऊन आपण निजलेली चादर ओढून काढणार, या कल्पनेनेच तिला कसंतरी व्हायचं. मोटेलात निदान चादर आपली आपण घडी करून ठेवू, असं तिला वाटायचं. हे सांगितलं असतं तर एफ्राइनने ऐकलं असतं, आणि कदाचित हसून तिची समजूतही घातली असती. पण तिने परवडत नाही, लांब पडतं, पोरीचं पोट बिघडेल अशी बाकीचीच कारणं पुढे केली.

एफ्राइन भांडणारा नव्हताच. एका रविवारी जेवता जेवता म्हणाला, "बरं. मोटेल तर मोटेल. पुढच्या वेळची गॅलरी मात्र माझी."

"बघू," इराइदा म्हणाली.

सुट्टी चांगली झाली. इराइदाने बॅगेत कपड्यांच्या मध्ये आपलं जाड बुडाचं पातेलं नेलं होतं. सकाळी सगळं मोटेल झोपेत असताना तिच्या खोलीतून हिरव्या तुरीच्या भाताचा वास सुटायचा. शेजारच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने दार ठोठावून काय शिजतंय ते विचारलं आणि ताटलीभर घेऊन गेले. पार्कमध्ये अमारिस दिवसभर रांगेत उभी राहायची आणि राइडवरून उतरली की पुन्हा त्याच रांगेत. एफ्राइनला झोकांड्या खाणाऱ्या पाळण्यात मळमळलं, तरी तो पोरीबरोबर परत बसला.

संध्याकाळी मोटेलच्या मागच्या लोखंडी जिन्यावर चढलं की झाडांच्या शेंड्यांवरून आतषबाजी दिसायची. अर्धीच. वर फुटायचं ते दिसायचं, खालचं काही नाही. एफ्राइन अमारिसला खांद्यावर घ्यायचा. नऊ वर्षांची घोडी झालेली, पाय त्याच्या कमरेपर्यंत यायचे, तरी घ्यायचा. आवाज नंतर पोचायचा, उजेड आधी. तो म्हणायचा, "आता मोज हं," आणि ती मोजायची.

शेवटच्या दिवशी त्याने हट्टाने दोघींना त्या तळ्याकाठच्या हॉटेलात नेलं, नुसतं बघायला. आत गार, मंद उजेड, कुणीतरी पियानो वाजवत होतं. एफ्राइन एका खुर्चीत बसला आणि खुर्चीच्या हातावर हात ठेवून राहिला. गणवेशातल्या एका तरुणाने येऊन अदबीने खोली क्रमांक विचारला. एफ्राइन हसला, म्हणाला, "अजून मिळाला नाही," आणि उठला. बाहेर येताना त्याला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. वाटलं ते इराइदाला.

त्याच वर्षी सप्टेंबरात वादळ आलं. ते समुद्रातून जमिनीवर चढलं तेच याबुकोआच्या बाजूने. एफ्राइन, इराइदा, अमारिस आणि सासूबाई मोरीत दाराला गादी लावून बसले. घराचं पुढचं छप्पर गेलं, मागचं राहिलं. बाहेर आले तेव्हा डोंगरावर एका झाडाला पान नव्हतं. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "चुकून दुसऱ्याच गावात आलो की काय."

पण माणसं वाचली होती. वीज नाही, नळाला पाणी नाही, पूल वाहून गेलेला, तरी माणसं वाचली म्हणून लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. फ्रिज दुरुस्त करायचा प्रश्नच उरला नव्हता. एफ्राइन घरोघरी छपरांवर निळी ताडपत्री बांधत फिरायला लागला. कुणी बोलावलं की निघाला. चागोचं वय झालं होतं, त्याला चढता येत नव्हतं. त्याच्या छपरावर एफ्राइनचा पाय ओल्या पत्र्यावरून सटकला.

खाली चिखल होता. तो उठला, कपडे झटकले, वर बघून म्हणाला, "चिखलाने वाचवलं." चागोने त्याला कॉफी दिली. घरी येऊन तो जेवला. डोकं जड झालंय म्हणाला आणि जरा पडतो म्हणून आत गेला. अमारिस त्याच्या शेजारी जाऊन बसली होती. थोड्या वेळाने तिनेच येऊन सांगितलं, "बाबा उठत नाहीत."

शेजाऱ्यांनी दार काढून त्यावर त्याला घातलं आणि पूल होता त्या जागी पाण्यातून पलीकडे नेलं. पलीकडे कुणाची तरी गाडी उभी होती. इराइदा त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली. दवाखाना यायच्या आधीच तिला कळलं होतं, पण तिने गाडी चालवणाऱ्याला सांगितलं नाही. तो इतक्या जिवाच्या आकांताने गाडी हाकत होता.

पुढचे महिने कसे गेले ते तिला नीटसं सांगता येत नाही. शाळा बंद झाली आणि तिचं काम गेलं. घरातल्या गाद्यांना, भिंतींना बुरशी चढली आणि अमारिसचा खोकला थांबेना. डिसेंबरात बेट सोडून ऑर्लँडोला जाणाऱ्या लोकांबरोबर तिने जायचं ठरवलं. सासूबाई हलायला तयार नव्हत्या. "माझा मुलगा इथे पुरलाय," त्या म्हणाल्या. "तू जा. पोरीला घेऊन जा. मी आहे त्याच्याजवळ."

ऑर्लँडोच्या विमानतळावर वादळातून आलेल्यांसाठी मदतीचं टेबल मांडलेलं होतं. टेबलामागची बाई त्यांच्याच बोलीत बोलणारी, बेटावरच्याच पोन्सेकडची. तिने आधी अमारिसला बिस्किटं दिली, मग इराइदाला जागा सांगायला लागली. कुठे शाळा जवळ होती, कुठे सकाळचा नाश्ता मिळत होता, कुठे बस दारात येत होती. त्या नावांत सनग्रोव्हचं नाव आलं.

"हे," इराइदा म्हणाली.

"बाई, ते जुनाट आहे. त्यापेक्षा ते शाळेजवळचं घ्या, तिथे आपली बरीच माणसं आहेत. मुलीला सोबत होईल."

"मला तेच हवं."

"तिथे ओळखीचं आहे का कोणी?"

इराइदाने मान हलवली. त्या बाईने त्याचा अर्थ हो असा घेतला.

तिच्या मनात काय होतं ते अगदी साधं होतं. त्या अख्ख्या परक्या मुलखात एफ्राइन राहून गेलेली तेवढी एकच जागा तिला माहीत होती. तो जिन्यावर कुठे उभा राहायचा, बर्फाच्या यंत्राला कशी थाप मारून बर्फ पाडायचा, सकाळी कुठल्या भिंतीला टेकून कॉफी प्यायचा. बाकी सगळीकडे तो नव्हता. इथे निदान येऊन गेला होता.

आधीची खोली मिळाली नाही, तिथे पर्यटक होते. मिळाली ती मागच्या अंगाची, जिन्याशेजारची. इराइदाला ते बरंच वाटलं. पहिल्याच संध्याकाळी ती जिन्यावर जाऊन बसली आणि अमारिसला हाक मारली. अमारिस आली नाही. आतषबाजी सुरू झाल्यावर इराइदा खोलीत गेली तर पोर पलंगावर पालथी पडली होती, डोक्यावर उशी दाबून.

पुढेही तसंच. रोज संध्याकाळी पार्कात आतषबाजी व्हायची, आणि रोज अमारिस टीव्हीचा आवाज मोठा करायची. मोटेलात दोन तऱ्हेची माणसं होती. एक, चार दिवसांसाठी आलेली, उन्हाने लाल झालेली, हातात पार्कच्या पिशव्या. दुसरी, बेटावरून आलेली, सगळा संसार प्लास्टिकच्या पेट्यांत. पहिल्या तऱ्हेची मुलं सकाळी गाडीत बसून पार्कला जायची, दुसऱ्या तऱ्हेची मोटेलच्या फाटकाशी शाळेच्या बसची वाट बघत उभी राहायची. नव्या शाळेत अमारिसला कुणीतरी विचारलं की तू कुठे राहतेस. तिने मोटेलचं नाव सांगितलं. मुली म्हणाल्या, म्हणजे तू सुट्टीवर आलीयेस? त्यानंतर तिने कुणाला सांगणं सोडून दिलं.

इराइदाला एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात काम मिळालं. चादरी यायच्या त्या गाठोड्यांनी. पहिल्या दिवशी तिला आईची आठवण झाली. दुसऱ्या दिवसापासून आठवायला सवड राहिली नाही.

एका संध्याकाळी ती थकून आली आणि जिन्यावर बसली. अमारिस दारात उभी होती. इराइदा म्हणाली, "ये ना. बाबा तुला इथेच खांद्यावर घ्यायचे."

"बाबांना इथे यायचंच नव्हतं," अमारिस म्हणाली. "त्यांना ते गॅलरीचं हॉटेल हवं होतं. तूच नको म्हणालीस."

आणि आत निघून गेली. आवाज चढवून बोलली नव्हती. अभ्यासाचं उत्तर सांगावं तशी बोलली होती.

 कामावर चादरींच्या घड्या घालताना इराइदा मनातल्या मनात पोरीशी बोलायची, तिला आपल्या आईचे पाय सांगायची, गरम पाणी सांगायची. कधी एफ्राइनशी बोलायची. गॅलरीत दोन खुर्च्या होत्या. त्यातली एक तिच्यासाठीच होती ना. तिला बसायला सांगत होता माणूस, आणि ती भाताच्या पातेल्याचा विचार करत होती. एवढं बोलून झालं की ती पुढची चादर घ्यायची. घरी मात्र तिने तो विषय पुन्हा काढला नाही, अमारिसनेही नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर मोटेलचं भाडं भरणारी सरकारी मदत संपली. मोटेलातली माणसं पांगायला लागली. कुणी परत बेटावर, कुणी उत्तरेला नातेवाइकांकडे. घर भाड्याने मिळायला आधीचे कागद लागत, आणि इराइदाजवळ ते नव्हते. तेव्हा मिल्द्रेद आली. भावाच्या मातीला तिला येता आलं नव्हतं, विमानं बंद होती. त्यामुळे ती आल्या आल्या इराइदाच्या गळ्यात पडून खूप रडली. मग खोलीभर नजर फिरवून डोळे पुसत म्हणाली, "हे बघ वहिनी, रागावू नकोस. पोरगी इथे वाढायची नाही. माझ्याकडे तिच्या वयाची दोन आहेत, शाळा चालत जाण्यासारखी आहे. तुझं घर झालं की घेऊन ये परत. मी काही ठेवून घेणार नाही."

"तिला विचारते," इराइदा म्हणाली.

तिची खात्री होती की अमारिस नाही म्हणेल. आईला एकटं सोडून ती जायची नाही. नाही म्हणाली की मग मिल्द्रेदला काय सांगायचं, तेही तिने मनाशी जुळवून ठेवलं होतं. अमारिस खिडकीशी बसून दोघींचं ऐकत होती. विचारल्यावर ती उठली आणि पलंगाखालची बॅग ओढून बाहेर काढली.

"कधी निघायचं, आत्या?" तिने विचारलं.

इराइदाने कपड्यांच्या घड्या घालून दिल्या. ते काम तिला आता झोपेतही जमत होतं.

घर व्हायला दीड वर्ष गेलं. दोन खोल्यांचं, ऑर्लँडोजवळच्या किसिमीला, तळमजल्यावर. आतली खोली तिने अमारिससाठी केली. पिवळे पडदे, टेबल, भिंतीत पुस्तकांची फळी. फोन केला तर अमारिस म्हणाली, शाळेचं वर्ष मधेच आहे. वर्ष संपल्यावर म्हणाली, शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट मिळालंय, आत्ता सोडलं तर पुन्हा मिळणार नाही. नंतर कारणं द्यायची गरज उरली नाही. नाताळात इराइदा होल्योकला जायची, थंडीने बधिर व्हायची, मिल्द्रेदच्या पाहुण्यांच्या पलंगावर निजायची. अमारिस तिच्याशी नीट वागायची, चहाकॉफी विचारायची. मिल्द्रेदच्या मुली आईशी भांडायच्या तशी ती इराइदाशी भांडत मात्र नव्हती. इराइदाच्या ते ध्यानात यायचं.

अमारिस सतरा वर्षांची असताना तिच्या शाळेच्या बँडला ऑर्लँडोच्या पार्कात वाजवायचं बोलावणं आलं. दरवर्षी देशभरातून शाळांचे बँड येतात तिथे, मुख्य रस्त्यावरून वाजवत जातात. इराइदाला हे मिल्द्रेदकडून कळलं. जवळ कुणी नातेवाईक असेल तर मुलांना त्यांच्याकडे राहायची परवानगी होती, हेही तिच्याकडूनच.

इराइदाने पिवळे पडदे धुतले. मग अमारिसला फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग तू इथे राहशील ना?"

 अमारिस म्हणाली, "सगळ्याजणी हॉटेलात आहेत, आई. चौघींची एक खोली. आम्ही कधीचं ठरवलंय." आणि लगेच, "पण मी जेवायला येईन. एक दुपार मोकळी आहे."

"ये. जेवायला ये," इराइदा म्हणाली. "ते बरं पडेल. सामान कशाला इकडेतिकडे."

ती आली तेव्हा इराइदाला तिला बघायला मान वर करावी लागली. खांदे अगदी एफ्राइनचे. तुरीचा भात, डुकराचं मांस, कच्च्या केळ्यांचे तळलेले काप, सगळं मांडलं होतं. अमारिस मनापासून जेवली. घरच्या भाषेत पोरीचं बोलणं अडखळायला लागलं होतं, मधेच शब्द सापडायचा नाही, मग ती हाताने दाखवायची आणि दोघी हसायच्या. इराइदाला वाटलं, आज बोलून टाकावं. इतकी वर्षं साठवलेलं.

"एक सांगायचं होतं तुला," ती म्हणाली. "त्या हॉटेलचं. गॅलरीचं. तू म्हणाली होतीस ते खरं होतं. मी ऐकायला हवं होतं त्यांचं."

अमारिसने घास थांबवला. "कुठलं हॉटेल?"

"तळ्याकाठचं. बाबांना हवं होतं ते. तू म्हणाली होतीस ना, जिन्यावर, मोटेलात."

अमारिसने आठवून बघितलं. चेहऱ्यावरून दिसत होतं की ती खरोखर प्रयत्न करतेय.

"मी म्हणाले असेन," ती म्हणाली. "मला नाही आठवत. लहान होते मी, काहीही बोलले असेन. तू ते इतके दिवस घेऊन बसलीस?"

इराइदाला एकदम हलकं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. तिने हसून विचारलं, "जाऊ दे. पण ती सुट्टी आठवते ना? बाबा तुला खांद्यावर घ्यायचे. उजेड दिसला की तू आवाज येईपर्यंत मोजायचीस."

अमारिसने चमचा ताटात ठेवला.

"आई, खरं सांगू?" ती हळू बोलत होती, शब्द शोधत. "मला ते मोटेल आठवतं. पण नंतरचं. तो वास, ती गोधडी, फाटकाशी बसची वाट बघायची ते. बाबा तिथे होते असं मला आठवतच नाही. मी पुष्कळदा प्रयत्न केला. जिना डोळ्यांसमोर आणला की त्यावर तू एकटी बसलेली दिसतेस. आपण दुसरीकडे कुठे राहिलो असतो ना, तर कदाचित..." तिने वाक्य सोडून दिलं. मग घाईने म्हणाली, "तू काही मुद्दाम नाही केलंस. मिळाली ती जागा घेतली आपण."

इराइदा तिला म्हणू शकली असती की मिळाली नव्हती, मी निवडली होती. विमानतळावरच्या त्या बाईने दुसरी जागा देऊ केली होती, शाळेजवळची, नाश्ता मिळणारी, आपल्या माणसांची. मी एफ्राइन तिथे सापडेल म्हणून हट्टाने तीच मागून घेतली, आणि तुझ्याजवळ त्याची जी एक सुट्टी होती तिच्यावर सगळे ते दिवस नेऊन ओतले.  त्याऐवजी पोरीच्या ताटात तिने आणखी भात वाढला आणि अमारिसने तो पोट भरलेलं असूनही खाल्ला.

संध्याकाळच्या आत हॉटेलात परत पोचायचं होतं. इराइदाने तिला आपल्या जुन्या गाडीतून सोडलं. उतरताना अमारिसने तिला मिठी मारली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, आणि दारातून आत गेली. आत तिच्या मैत्रिणींचा घोळका होता. त्यांच्यात गेल्यावर ती मोठ्याने हसली. तो हसण्याचा आवाज इराइदाने होल्योकला इतक्या वेळा जाऊनही कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी इराइदा पार्कात गेली. सुट्टीनंतर पहिल्यांदाच. मुख्य रस्त्याच्या कडेला लोकांत उभी राहिली. बँड आला, निळे कोट, पिवळ्या पट्ट्या, सगळ्यांचे पाय एकदम. ट्रम्पेटवाल्यांच्या रांगेत कडेलाच अमारिस होती. हात लांबवला असता तर बाहीला लागला असता इतक्या जवळून गेली. वाजवताना इकडेतिकडे बघायचं नसतं, तिने बघितलं नाही. तिचे गाल फुगलेले होते आणि कपाळावर घाम होता.

त्यानंतर एका गोष्टीत फरक पडला. अमारिस रविवारी स्वतःहून फोन करायला लागली, आणि फोनवर वडिलांबद्दल विचारायला लागली. ते गायचे का. त्यांना कशाचा राग यायचा. मी झाले तेव्हा ते काय म्हणाले. आता ती नर्सिंग शिकतेय, तरी रविवार चुकवत नाही. इराइदा धुलाईघरातून आली की आंघोळ करून फोनशी बसते आणि सांगते. फ्रीझरची गोष्ट सांगून झाली, मुख्य स्वयंपाकीण काय म्हणाली ते झालं. तो दाढी करताना शीळ घालायचा, पावाचा कडक भागच आधी खायचा, सासूबाईंना मुद्दाम चिडवायचा, हे सगळं सांगून झालं. गिऱ्हाइकांनी पैशांऐवजी दिलेली अंडी तो टोपीत घालून आणायचा, तेही झालं.

आणि सांगता सांगता अलीकडे तिला एक भीती वाटायला लागली आहे. लग्नाची इतकी वर्षं, रोजचा सहवास, तरी गोष्ट म्हणून सांगता येईल असं फार थोडं निघतंय. बाकीचे सगळे दिवस एकमेकांसारखे होते आणि तेव्हा तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. मागच्या रविवारी अमारिसने विचारलं, बाबांचा आवाज कसा होता, जाड की बारीक? इराइदा सांगायला गेली. तोंड उघडलं आणि तिला तो आवाजच आठवेना. "थांब हं," ती म्हणाली. फोन कानाला तसाच धरून तिने डोळे मिटले, आणि पलीकडे पोर न बोलता थांबून राहिली.